हजेरीपटावरील अनोळखी नांव

माणसाला एकच नांव असतें, ही समजूत आपल्या घरांतून कधींच खरी नव्हती. मुलगी माहेरीं एका नांवानें वाढते. लग्नाच्या दिवशीं ताटांतल्या तांदळांत अंगठीनें दुसरें नांव लिहिलें जातें. पुढें सासरीं तें नवें नांव चालतें, आईच्या तोंडीं मात्र जुनेंच राहतें. मुलाचें शाळेंतलें नांव एक, हाक मारावयाचें दुसरें आणि पत्रिकेंतलें तिसरें. आणखी मागें जाऊन पाहिलें तर आश्वलायन गृह्यसूत्रांत बालकास व्यवहाराचें नांव ठेवून शिवाय एक ‘अभिवादनीय’ नांव योजावें, व तें मुंज होईपर्यंत आईबापांनींच काय तें जाणावें, असें सांगितलें आहे. नांव कोणास सांगावें आणि कोणापासून राखावें, हा विचार आपल्याकडे कांहीं आजचा नाहीं.

हें सारें आठवण्याचें कारण गेल्या आश्विनांत आमच्या घरीं घडलेला एक प्रकार. विषय वायफायचा आहे. पण त्यांत एका निरपराध मुलाचें मन दुखावलें गेलें, आणि तें माझ्या हातून. आपली चूक छापून काढण्यांत भूषण नाहीं. परंतु आजकालचे फोन पाहतां तशीच चूक वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं होण्याचा संभव आहे, म्हणून संकोच बाजूस सारून ती सांगतों.

आमचें घर वरूडच्या जुन्या वस्तींत आहे. दोन मुलगे, दोन सुना, शाळेंत जाणारे दोन नातू, अमरावतीस अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं राहणारी थोरली नात आणि आम्ही उभयतां, असा परिवार. धाकट्या सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचें काम घरीं बसून करतात. नातवांचा निम्मा अभ्यास वहींत आणि निम्मा पडद्यावर होतो. आणि सौभाग्यवतींचें दुपारचें कीर्तन आतां देवळाऐवजीं फोनमधून येतें. आमच्याच जिल्ह्यांत मेळघाटांतील हरिसाल हें गांव २०१६ च्या सुमारास ‘डिजिटल गांव’ म्हणून पुढें आलें. मग तालुक्याच्या ठिकाणीं घरोघर वायफाय असावें यांत नवल तें काय?

वायफायची जी पेटी भिंतीवर असते तिला राउटर म्हणतात. बाहेरून आलेली इंटरनेटची तार तिच्यांत शिरते, आणि तेथून पुढें घरांतील सर्व उपकरणें तिला बिनतारी जोडलेलीं असतात. कोणतें उपकरण कोणतें हें पेटीस कळावें यासाठीं प्रत्येकास बारा अक्षरांचा एक पत्ता असतो. त्यास मॅक पत्ता म्हणतात. हीं बारा अक्षरें ० ते ९ हे अंक आणि इंग्रजी ए पासून एफ पर्यंतचीं सहा अक्षरें यांतून घेतलेलीं असतात, व तीं दोन-दोनांच्या सहा जोड्या करून लिहितात. पहिल्या तीन जोड्या आयईईई ही अमेरिकेंतील अभियंत्यांची संस्था उपकरण बनविणाऱ्या कंपनीस नेमून देते; पुढच्या तीन ती कंपनी आपल्या हिशेबानें भरते. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर पहिला अर्धा भाग गोत्र आणि दुसरा अर्धा नांव. असे पत्ते एकंदर सुमारें २८१ लाख कोटी होऊं शकतात; तेव्हां जगांतील दोन उपकरणांस एकच पत्ता येऊं नये, अशी ही योजना.

राउटरच्या पोटांत त्या घटकेस जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी असते, आणि पासवर्ड देऊन ती संगणकावर पाहतां येते. सारें आयुष्य हजेरी घेण्यांत गेलेल्या माणसाच्या हातीं अशी यादी लागल्यावर तो स्वस्थ कसा बसावा? मीं दोनशें पानी वही घेतली आणि रकाने आंखले: पत्ता, उपकरण, धनी, आणि केव्हां आलें, केव्हां गेलें. थोरल्या चिरंजीवांच्या लॅपटॉपवरून एकेक पत्ता उतरवून घेतला. सहा फोन, दोन लॅपटॉप, एक टीव्ही, एक प्रिंटर आणि दारावरचा कॅमेरा, असे अकरा विद्यार्थी माझ्या या नव्या वर्गांत भरले. रोज रात्रीं मी ही हजेरी घेऊं लागलों. घरांतलीं माणसें गालांत हंसत, पण बोलत नसत. त्या न बोलण्याचा अर्थ मला पुढें कळला.

आश्विनांतील एके संध्याकाळीं धाकट्या सूनबाईंची कंपनीची बैठक तीन वेळां तुटली. त्यांचा त्रासलेला चेहरा पाहून मीं वही काढली व यादी उघडली. तों काय! नांवाचा रकाना रिकामा आणि पत्ता ‘डीए’ या अक्षरांनीं सुरू होणारा, असें एक उपकरण तेथें ठाण मांडून बसलेलें. वहींत त्या पत्त्याचा मागमूस नव्हता. घरांत चोर शिरल्यासारखें मला झालें.

संशयाला फार लांब धांवावें लागलें नाहीं. एका संत्रा-बागाइतदाराचा दहावींतला मुलगा दोन सोबत्यांसह दोन वर्षांपासून माझ्याकडे संस्कृत शिकावयास येतो. श्रावणांत एकदां पाठाचा कांहीं भाग त्यास फोनवर पाहावयाचा होता, तेव्हां नातवानें त्याला आमचा पासवर्ड सांगितला होता. शिकवणीची वेळ संध्याकाळची. अनोळखी उपकरण दिसलें तेंहि संध्याकाळींच. एवढ्या दोन पुराव्यांवर मीं निकाल दिला. ओसरीवर, त्या दोन सोबत्यांच्या देखत, मी त्याला म्हणालों, “गुरूच्या घरचें न विचारतां घेणें याला काय म्हणतात, तें तुला सांगावयास पाहिजे काय?”

मुलगा गोंधळला. “नाही जी गुरुजी,” तो म्हणाला, “माह्या फोनचं वायफाय तं बंदच आहे. पाहा ना जी.” त्यानें फोन पुढें केला. मीं तो हातांत घेतला नाहीं. “पुरे,” म्हणून धडा पुढें चालविला. दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. तिसऱ्या दिवशींहि नाहीं.

ज्या संध्याकाळीं हें घडलें, त्याच रात्रीं मीं राउटरच्या पानावर त्या ‘डीए’वाल्या पत्त्यास प्रवेशबंदी केली. गंमत अशी कीं, तेव्हांपासून माझ्या स्वतःच्या फोनचें वायफाय चालेना. आठ दिवसांपूर्वीं तो फोन अडखळूं लागला म्हणून मीं दुरुस्तीस दिला होता; तेव्हां दुकानदारानेंच काम बिघडविलें असें मनाशीं ठरवून मी त्याच्यावरहि रागावलों. एका हजेरीवरून दोन माणसें अपराधी ठरवून मी निश्चिंत झालों होतों.

शनिवारीं नात अमरावतीहून आली. तिनें सारी हकीकत ऐकून घेतली, वही चाळली, आणि फार मृदु स्वरांत विचारलें, “आबा, तुमच्या स्वतःच्या फोनचा पत्ता कोणता?” मीं वहींतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलें. “हा वहींतला झाला. गेल्या दोन आठवड्यांत हा राउटरच्या यादींत दिसला का?” मला उत्तर देतां येईना. मग तिनें माझा फोन घेतला, सेटिंग्जमध्यें घरच्या वायफायचें पान उघडलें, आणि तेथला पत्ता मला मोठ्यानें वाचावयास सांगितला. पहिलीं दोन अक्षरें वाचलीं आणि माझा आवाज तेथेंच थांबला. तीं ‘डीए’ होतीं.

वेदान्तांत दहाव्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. दहाजण नदी उतरून जातात. पलीकडे गेल्यावर जो तो मोजतो तों नऊच भरतात, आणि सर्वजण बुडालेल्या दहाव्यासाठीं रडूं लागतात. कारण मोजणारा स्वतःस मोजीत नाहीं. हा दृष्टान्त मीं वर्गांत किती वेळां सांगितला असेल याची गणना नाहीं. माझ्या या वर्गांतहि विद्यार्थी अकराच होते, एकहि अधिक नव्हता. परंतु मास्तर सर्वांची हजेरी घेतो, स्वतःची घेत नाहीं. पहिल्या ओळीवरचा गैरहजर कोण हें पाहिलें असतें, तर आगंतुक कोण तें त्याच क्षणीं कळलें असतें.

आतां हा पत्ता बदलला कसा, तें नातीनें समजाविलें तसें सांगतों. फोनास कारखान्यांत मिळालेला खरा पत्ता असतोच. पण अलीकडचे फोन तो सहसा बाहेर सांगत नाहींत. ज्या ज्या वायफायला जोडावयाचें, त्या त्या जाळ्यासाठीं ते एक निराळा पत्ता आपणच तयार करतात आणि तेथें तोच वापरतात. यास खासगी वायफाय पत्ता म्हणतात. म्हणजे माहेरीं एक नांव, सासरीं दुसरें, आजोळीं तिसरें, माणूस एकच. एका घरीं बहुधा एकच नांव टिकतें, म्हणून माझी वही इतके दिवस बिनचूक चालली. पण फोन आंतून पुसून कारखान्यांतून निघाल्यासारखा कोरा केला, कीं जुनें खासगी नांवहि पुसलें जातें, आणि त्याच घरीं तो नव्या नांवानें येतो. दुरुस्तीच्या दुकानांत नेमकें हेंच झालें होतें. दुकानदारानें आपलें काम चोख केलें होतें. नवा फोन घेतला, घरच्या वायफायचें नांव बदललें, किंवा आयफोनला ‘हें नेटवर्क विसर’ असें सांगून पुन्हां जोडलें, तरीहि असा बदल होऊं शकतो.

असा पत्ता ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बारांपैकीं दुसरें अक्षर पाहावें. तें २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कंपनीस नेमून दिलेल्यांतला नव्हे, उपकरणानें आपल्यापुरता घेतलेला आहे असें समजावें. ‘डीए’मधील दुसरें अक्षर ए, म्हणजे ही खूण माझ्या डोळ्यांसमोरच होती. अशा पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बनविणाऱ्या कंपनीचा शोध लागत नाहीं. तो आपलें गोत्रच सांगत नाहीं. म्हणून राउटरच्या यादींत पुष्कळदां त्यापुढें ‘अज्ञात’ असा शेरा येतो, किंवा कांहींच येत नाहीं.

मी वैतागून म्हणालों, “पण हा लपंडाव हवा कशाला? घरच्या फोनानें घरच्या माणसापासून नांव लपवावें?”

“घरच्यांपासून नव्हे, आबा,” नात म्हणाली, “रस्त्यावरच्यांपासून.”

तिचें म्हणणें असें. खिशांतला फोन, वायफाय चालू असतां, जवळपास कोठें ओळखीचें जाळें आहे काय म्हणून अधूनमधून हांका मारीत असतो. पूर्वीं प्रत्येक हांकेसरशी तो आपला खरा, कधींहि न बदलणारा पत्ता सांगे. मग जो कोणी त्या हांका ऐकणारें यंत्र मांडून बसेल त्यास, हा फोन सोमवारीं या दुकानापुढून गेला, गुरुवारीं त्या दवाखान्यांत तासभर होता, असें टिपतां येई. ही कल्पनेची भरारी नव्हे. २०१३ सालीं लंडनच्या सिटी भागांत रस्त्यावरील १२ कचरापेट्यांमध्यें अशीं यंत्रें बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनांची नोंद घेतली गेली. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें तेथील नगरसंस्थेनें तें थांबवावयास सांगितलें. कचरापेटीनें माणसांची दैनंदिनी ठेवावी, हें पूर्वीं कोणाच्या मनांत तरी आलें असतें काय?

यावर फोन बनविणाऱ्यांनीं उपाय योजले. २०१४ सालीं आयफोनांनीं जाळें शोधतांना खऱ्याऐवजीं तात्पुरता पत्ता सांगण्यास आरंभ केला. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून, जोडणी करतांनाहि प्रत्येक जाळ्यास निराळा पत्ता देण्याची चाल पडली. २०२४ च्या आयओएस १८ मध्यें बंद, कायम आणि फिरता असे तीन पर्याय आले. ‘फिरता’ पत्ता सुमारें दोन आठवड्यांनीं आपोआप बदलतो. पासवर्डानें नीट राखलेल्या जाळ्यावर ‘कायम’ आणि उघड्या जाळ्यावर ‘फिरता’, असा आयफोनचा मूळचा कल असतो.

आपल्याकडेहि उघडीं जाळीं कांहीं थोडीं नाहींत. जानेवारी २०१६ मध्यें मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांनीं विनामूल्य वायफाय सुरू केलें. पुढें तें देशांतील शेंकडों स्थानकांवर पोंचलें. मुलगी परगांवीं शिकत असतां स्थानकें, उपाहारगृहें, ग्रंथालयें अशा किती जाळ्यांस तिचा फोन जोडला जात असेल! तिनें प्रत्येक ठिकाणीं निराळें नांव सांगावें, आणि तिच्या फिरण्याची सांखळी कोणा परक्यास जुळवितां येऊं नये, असें कोणत्या आजोबास वाटणार नाहीं? नातीचें बोलणें येथवर मला पूर्ण पटलें. पण पुढें ती जें बोलली तें पटावयास रात्र जावी लागली.

वहींतले शेवटचे दोन रकाने तिनें माझ्यापुढें धरले. धाकट्या सूनबाईंचा फोन रात्रीं किती वाजतां जागा होता, थोरल्या सूनबाई दुपारीं किती वेळ फोनवर होत्या, हें सर्व तेथें माझ्याच सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें होतें. “आबा,” ती म्हणाली, “त्या कचरापेटीनें याहून वेगळें काय केलें?”

माझ्या लहानपणीं सुनेला माहेराहून आलेलें पत्र आधीं सासरे वाचीत, मग तें तिच्या हातीं पडे. त्यांत कोणास वावगें वाटत नसे. निदान तसें कोणी बोलून दाखवीत नसे. एका माजघरांत वाढलेल्या आपणां लोकांस खासगीपणा हा शब्द अजूनहि थोडा परका वाटतो. परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें एकमतानें, खासगीपणा हा भारताच्या नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय दिला. तो निर्णय सरकार आणि नागरिक यांच्यापुरताच आहे, घरांतल्या वहीशीं त्याचा संबंध नाहीं, असें वकील म्हणतील. असेल; पण घरांतलीं माणसें गालांत कां हंसत आणि बोलत कां नसत, हें मला त्या रात्रीं समजलें. तीं रुसलेलीं नव्हतीं. वडीलधाऱ्या माणसास बोलावें कसें, म्हणून गप्प होतीं. सकाळीं उठून मीं ते दोन रकाने सर्व पानांवर काळ्या शाईनें खोडले.

तथापि खासगी पत्ता म्हणजे अदृश्य होण्याची विद्या, असेंहि कोणी समजूं नये. मॅक पत्ता आपल्या राउटरच्या पलीकडे जातच नाहीं. तेव्हां तो बदलल्यानें संकेतस्थळांपासून किंवा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपासून कांहीं लपत नाहीं. शिवाय नांव बदललें म्हणून वागणूक कोठें बदलते? अमेरिकेच्या नौदल अकादमीच्या संशोधकांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, बदलते पत्ते वापरणारे अनेक फोन त्यांच्या संदेशांच्या ठेवणीवरून तरीहि ओळखतां येतात.

आम्हां विदर्भवासीयांस यांत नवें कांहीं नाहीं. ही तर आमच्याच राजकन्येची कथा. स्वयंवराच्या मंडपांत देव नळाचें रूप घेऊन उभे राहिले, तेव्हां दमयंतीनें नांव विचारलें नाहीं. कोणाची पापणी लवते, कोणास घाम येतो, कोणाची छाया पडते, हें तिनें पाहिलें. पुढें नळ कुरूप होऊन बाहुक या नांवानें सारथी म्हणून कुंडिनपुरास आला, तेव्हांहि तिनें त्याच्या हातचें अन्न चाखून आणि मुलांस पाहून त्याचे डोळे भरून आले ही वार्ता ऐकून त्यास ओळखलें. तें कुंडिनपूर म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील वर्धेच्या कांठचें कौंडिण्यपूर, असें परंपरा सांगते. एवढ्या जवळची गोष्ट, आणि मीं त्यांतून कांहीं घेतलें नाहीं. त्या मुलाची वागणूक दोन वर्षें माझ्या डोळ्यांपुढें होती. न झालेला गृहपाठ त्यानें कधीं झाला म्हणून सांगितला नव्हता. तें सारें बाजूस ठेवून मीं बारा अक्षरांचा पुरावा मानला, आणि तींहि अक्षरें माझींच निघालीं.

आतां गृहस्थांनीं व गृहिणींनीं काय करावें, तें क्रमानें सांगतों. पहिलें, यादींत अनोळखी पत्ता दिसला तर कोणाचें नांव घेण्याआधीं आपल्या घरांतील प्रत्येक उपकरणाचें वायफाय एकेक करून बंद करावें. जें बंद करतांच तो पत्ता यादींतून नाहींसा होतो, तेंच तें उपकरण. कांहीं राउटरांस यादी सुधारण्यास दोन-चार मिनिटें लागतात, तेवढा धीर धरावा. आणि ही मोजणी स्वतःच्या फोनापासून सुरू करावी.

दुसरें, राउटरच्या यादींत उपकरणांस नांवें देण्याची सोय असते. ती वापरावी, आणि फोन बदलला, पुसला किंवा दुरुस्तीहून आला कीं नोंद दुरुस्त करावी. घरच्या जाळ्यावर आयफोनमध्यें ‘प्रायव्हेट वायफाय अॅड्रेस’ या ओळींत ‘कायम’ हा पर्याय ठेवावा. म्हणजे नोंद टिकते आणि खरा पत्ताहि झांकलेला राहतो. अँड्रॉइड फोनांत ही निवड त्या जाळ्याच्या पानावर ‘प्रायव्हसी’ या शीर्षकाखालीं बहुधा सांपडते. खरा पत्ता उघड करण्याची गरज घरांत क्वचितच पडते. पडली तर ती त्या एका जाळ्यापुरतीच करावी, बाहेरच्या जाळ्यांवर खासगी पत्ता चालू राहूं द्यावा.

तिसरें, ओळखीच्या पत्त्यांसच प्रवेश, अशी राउटरमध्यें एक सोय असते. तिच्यावर घराची राखण सोंपवूं नये. घरचा फोन पत्ता बदलून आला तर ती त्यास बाहेर ठेवते; उलट ज्यास खरोखर शिरावयाचें आहे तो हवेंतून जाणारा ओळखीचा पत्ता ऐकून त्याची नक्कल करूं शकतो. घराचें खरें कुलूप म्हणजे लांब, अंदाज न येणारा पासवर्ड आणि राउटरमधील डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा. पासवर्ड चारचौघांत फुटला असें वाटलें तर संशय न धरतां तो बदलावा. त्यास पांच मिनिटें लागतात, आणि कोणाचें मन दुखत नाहीं.

चौथें, पाहुणे आणि शिकवणीचीं मुलें यांच्यासाठीं बहुतेक राउटरांत पाहुण्यांचें निराळें जाळें काढतां येतें. आपल्याकडे पाहुण्यास ओसरी असते आणि माजघर निराळें असतें, तशीच ही व्यवस्था.

पांचवें, मुलांच्या फोनला रात्रीं दहानंतर वायफाय मिळूं नये म्हणून पुष्कळ घरांत त्या फोनच्या पत्त्यावर राउटरमध्यें वेळेचें बंधन घालतात. पत्ता बदलला कीं राउटरच्या दृष्टीनें तो नवा विद्यार्थी, आणि बंधन जुन्याच्या नांवावर! ही युक्ति मुलांस आपल्याआधीं कळते. बंधन घालावयाचेंच तर तें मुलाच्या फोनमध्यें, त्याला सांगून घालावें. चोरून घातलेलें बंधन चोरून मोडलें जातें, हा माझा शाळेंतला अनुभव आहे.

राहतां राहिली सूनबाईंची तुटणारी बैठक. राउटर लोखंडी कपाटाच्या मागें गेलें होतें. दिवाळीच्या झाडलोटींत कोणीतरी कपाट सरकविलें होतें, एवढेंच. पेटी उघड्या भिंतीवर आणली आणि बैठक तुटणें थांबलें. चोर मुळांत नव्हताच.

त्या रविवारीं मी मुलाच्या घरीं गेलों. तो वडिलांबरोबर बागेंत गेला होता, म्हणून अंगणांत वाट पाहत बसलों. आल्यावर वडिलांसमक्ष मीं त्याला सांगितलें कीं चूक माझी होती, चोर म्हणून धरलेला फोन माझाच निघाला. वडील संकोचून म्हणाले, “जाऊ द्या जी गुरुजी. लेकराले तुमी बोलले तं काय झालं?” तेवढ्यानें माझें समाधान झालें नाहीं. दोष ओसरीवर दोन मुलांच्या देखत दिला होता. तेव्हां सोमवारीं त्याच ओसरीवर, त्याच दोन मुलांच्या देखत, तेंच वाक्य पुन्हां उच्चारलें. मुलें खालीं मान घालून ऐकत होतीं. मग आम्हीं धडा उघडला.

मुलगा आतां पूर्वींप्रमाणें नियमित येतो. शब्दरूपें चांगलीं म्हणतो. परीक्षेंत त्यास उत्तम गुण मिळतील यांत मला शंका नाहीं. एक मात्र आहे. ओसरीची पायरी चढण्यापूर्वीं तो आपला फोन बंद करतो आणि बाहेरच्या कोनाड्यांत ठेवून मग आंत येतो. तसें करण्याची गरज नाहीं, असें मीं त्याला दोनदां सांगितलें. “राहू द्या जी गुरुजी,” एवढेंच तो म्हणतो. राउटरच्या यादींतील चूक दोन मिनिटांत दुरुस्त झाली. ही दुरुस्त व्हावयास किती दिवस लागतील तें सांगवत नाहीं.